छत्रीतली भाकर

पौषातले ऊन पाटीपुऱ्यात कधी घाईने येत नसे. आधी ते दूरच्या कापसाच्या जिनाच्या पत्र्यांवर थबके, जणू पुढच्या वस्तीत आपले कोणी ओळखीचे आहे की नाही याचा अंदाज घेत असावे. मग निंबाच्या शेंड्यावरून उतरत, वाटेत कौलांची कड पिवळी करीत, भीमराजच्या खोलीपर्यंत यायला त्याला चांगला अर्धा तास लागे. दाराच्या वरच्या फटीतून त्याची एक तिरपी पट्टी आत शिरे. हंगामाचे दिवस असल्यामुळे हवेत कापसाचे तंतू असत. त्या पट्टीत आले की ते एकेक करून उजळत, क्षणभर तरंगत आणि पलीकडे जाऊन विझत. पट्टी सरकत सरकत खुंटीवरच्या छत्रीवर येई, तिथून खाली गोणपाटावर निजलेल्या भुरी कुत्रीच्या पाठीवर, आणि शेवटी तिच्या पोटाशी लुचणाऱ्या चार पिलांवर. तोवर भीमराज खाटेवरून हलत नसे. त्याला वाटे, हे ऊन किती सुखी आहे. याला कोणाच्या दारात उभे राहून काही मागावे लागत नाही, आणि कोणी याला ‘आता पुरे’ही म्हणत नाही.

मग तो उठे, छत्री अर्धवट उघडे आणि तिच्यातून आदल्या रात्रीच्या चार भाकरी बाहेर काढी.

भुरी एखाद्या विहिणीच्या ऐटीने एक तुकडा घेई, तो बराच वेळ तोंडात घोळवी आणि पुन्हा पंजांवर हनुवटी टेकवी. ती आपल्यासारखीच लाजाळू आहे, असे भीमराजचे मत होते. अन्न वाया जाऊ नये म्हणून उरलेल्याची व्यवस्था तो स्वतः लावी आणि मग कचेरीला जाई. दिवसेंदिवस भुरीच्या अंगावर तकाकी चढत होती, आणि हे आपल्या भाकरींचे फळ आहे याविषयी त्याला तिळमात्र शंका नव्हती.

भुरी दिवाळीच्या सुमारास, जड पोटाने, विचारल्याशिवाय आत आली होती आणि पंधरा दिवसांत तिने त्याच्या खाटेखाली संसार मांडला होता. भीमराज तेव्हा वीस वर्षांचा होता आणि एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होता. पगाराचा मोठा भाग वणीकडच्या गावी आईवडिलांना जाई. उरलेल्यात खोली, खानावळ आणि साबण बसत असे. कुत्री बसत नसे. दुधाचा विचार त्याने एकदाच केला आणि तो विचारही त्याला महाग वाटला. राहता राहिली मथुराबाईंच्या खानावळीतली भाकर. तिथे नियम सरळ होता : पोट फुटेस्तोवर खा, पण उंबऱ्याबाहेर एक तुकडा न्यायचा नाही.

आणि भीमराजला तर मुळात मागताच येत नव्हते.

छप्पन साली त्याचे वडील उकंडाजी नागपूरहून दीक्षा घेऊन परतले. आल्याबरोबर त्यांनी गावकीच्या कामाबद्दल घरोघरची भाकर गोळा करायची पिढीजात टोपली चुलीत घातली आणि सर्वांदेखत सांगितले, “आजपासून या घरातलं कोनी भाकर मांगनार नाही.” तेरा वर्षांच्या भीमराजने ती टोपली जळताना पाहिली, आणि ते वाक्य इतके मनापासून घेतले की त्या रात्री त्याने आईकडेही दुसरी भाकर मागितली नाही. खुद्द उकंडाजी मात्र ताट पुढे सरकवून, “टाक वं अजून एक,” म्हणाले. बापाची प्रतिज्ञा दुसऱ्याच्या दारापुरती होती. लेकाने ती आपल्या ताटालाही लावली.

मथुराबाईंकडे बसल्या बसल्या दोन भाकरी ताटात येत, पुढच्या मागाव्या लागत. भीमराज दोन वर्षे दोन भाकरींवर उठत होता. ‘आपला आहारच बेताचा,’ असे तो सांगे, आणि सांगून सांगून ते त्याला पटलेही होते.

भुरीसाठी मात्र त्याने तीन रात्री विचार केला. शेवटी तो या निष्कर्षाला आला की कुत्रीने दीक्षा घेतलेली नाही, तेव्हा तिच्या वतीने मागितल्यास प्रतिज्ञेला बाध येत नाही. चौथ्या दिवशी तो छत्री घेऊन जेवायला गेला, ती गुडघ्यांमध्ये उभी धरली आणि वरणाकडे पाहत म्हणाला, “अजून एक भाकर.”

मथुराबाईंचा हात परातीवरच राहिला. “कोन बोललं बे?”

“भीमराज बोलला, मावशी,” शेजारचा गोविंदा म्हणाला. गोविंदा एका दवाखान्यात कंपाउंडर होता आणि डॉक्टर गावाला गेले की स्वतःला डॉक्टर समजे.

“दोन साल झाले, मले वाटे पोट्टा मुका हाय! घे बाबू, घे. दोन घे.”

त्या रात्री सहा भाकरी झाल्या. दोन ताटात, चार छत्रीच्या घड्यांत.

“हिवाळ्यात छत्री कायले आनते बे?” गोविंदाने हात धुताना विचारले.

“दव पडते,” भीमराज म्हणाला.

आठवड्याभरात खानावळीत चर्चा सुरू झाली. गोविंदाने भीमराजची पापणी उलटून पाहिली आणि निदान केले, “सहा भाकरी खाते आन् हाडं तशेच हायेत, म्हंजे जंत हायेत, मावशी. लंबे लंबे.” मथुराबाईंनी त्याच रात्री वावडिंगाचा काढा उकळला. रोज जेवणाआधी, त्यांच्यासमोर उभे राहून, एक पेलाभर. तो काढा इतका कडू होता की पहिल्या दिवशी भीमराजला आपले सगळे आयुष्य डोळ्यांसमोरून जाताना दिसले, आणि ते फारच थोडे आहे हेही लक्षात आले. पण भुरीसाठी त्याने तो पंधरा दिवस घेतला.

महिन्याने त्याचे गाल भरले. सदऱ्याचे गळ्याजवळचे बटण लागेना. “पाह्य, गेले जंत!” गोविंदा म्हणाला. मथुराबाईंनी काढ्याला हात जोडले. भीमराजलाही काढ्याच्या गुणाचे नवल वाटले.

इथवर सारे सुरळीत होते. पण कापूस बाजारातला हमाल धावजी महिन्यापूर्वी मथुराबाईंची खानावळ सोडून स्टँडजवळच्या नव्या खानावळीत गेला होता, आणि चहाच्या टपरीवर बसून सांगत सुटला होता की मथुराबाईकडे पोट्टे वाळून राह्यले. तीन मेंबर गेले. उरलेल्या अकरांपैकी दोघे जाण्याच्या बेतात होते. मथुराबाईंना नवरा नव्हता, शेत नव्हते. होती ती ही एक चूल. एके दिवशी त्या पदर खोचून थेट टपरीवर गेल्या.

“काहून रे धावजी, माया घरी कोन वाळून राह्यलं?”

“मी वाळलो ना, मावशी! दहा भाकरीचा मानूस मी, तुमी आठव्यालेच तोंड वाकडं करा!”

“असं काय? मंग आयतवारी ये. रोडगे करतो. माया भीमराजसंगं बसून दाखव.”

“तो? छत्रीवाला?” धावजी इतका हसला की त्याच्या बशीतला चहा सांडला. “तो हारला त?”

“त चूल इझवतो मी. लोकायच्या घरी धुनंभांडं करीन.”

हे सारे मथुराबाईंनी रात्री भीमराजला मोठ्या कौतुकाने सांगितले आणि त्याच्या ताटात न मागता तिसरी भाकर टाकली. ती तो नुसतीच मोडत बसला. दोन रोडग्यांवर हात आखडला तर या बाईची चूल विझणार, आणि छत्रीसकट पकडला गेलो तर चूल विझून वर खानावळीत चोर पोसला अशी कीर्ती होणार. त्याने आजारपणाचा एक सुरेख अर्ज लिहिला. पण खानावळीत रजेचा अर्ज कोणाच्या नावे करायचा हे न कळून फाडून टाकला.

रविवार उजाडला. मथुराबाईंच्या अंगणात गोवऱ्यांचा निळा धूर जमिनीलगत फिरत होता. निखाऱ्यांतून काढलेले कणकेचे रोडगे झटकून, वरून जरा फोडून, तुपात बुडवले जात होते. वांग्याच्या भाजीचा वास निम्म्या पाटीपुऱ्यात पोहोचला होता. धावजी मांडी घालून बसला. समोर भीमराज बसला, गुडघ्याशी छत्री.

“घरात बसून बी दव पडते काय, बाबू?” धावजीने विचारले. भीमराजचे सारे लक्ष छत्रीकडच्या डाव्या हाताकडे होते.

चार चार रोडगे झाले, तेव्हा गोविंदा मोठ्याने आकडा पुकारत होता आणि मथुराबाईंचे डोळे भरून आले होते. प्रत्यक्षात भीमराजने एकच खाल्ला होता. एवढ्यात मागच्या दाराने भुरी आली. तिच्या चालीत परकेपणा अजिबात नव्हता. घरच्या मालकिणीने पाहुण्यांच्या पंगतीतून फेरी मारावी तशी ती आली, आणि मागून चारही पिले. आपला माणूस दिसताच तिने शेपूट हलवली. एक पिलू सरळ छत्रीत शिरले. छत्री कलंडली आणि तीन रोडगे तुपाची रेघ ओढत अंगणभर घरंगळले. एक धावजीच्या पत्रावळीला येऊन टेकला.

“हा माया नोहे,” धावजी प्रामाणिकपणे म्हणाला.

भीमराज उभा राहिला. “मावशी, मी चोरी केली. दीड महिना झाला. रोज चार भाकरी नेल्या. या भुरीसाठी.”

मथुराबाई त्याच्याकडे पाहतच राहिल्या. “कोन्या भुरीसाठी? हे?”

“हो.”

“अरे, हे त दिवाळीपासून माया मांगच्या दारी जेवते! दोन टाइम. वरनात कुस्करून भाकर, आयतवारी हाडकं. पिलं झाले तवा गुळाचा शिरा केलता मी हिले. तिले तुयी वाळली भाकर कायले लागते?”

“खात होती,” भीमराज क्षीणपणे म्हणाला.

“खात असन एखांदा घास. तुयं मन राखाले.”

गोविंदा बोटांवर हिशेब करत होता. “थांबा, मावशी. रोज चार भाकरी. कुत्रीनं खाल्ल्या नाही. पिलं त मायचं दूध पितेत. मंग गेल्या कुठी?”

सगळ्यांनी भुरीकडे पाहिले, मग पिलांकडे. आणि मग हळूहळू सगळ्यांचे डोळे भीमराजच्या सदऱ्याच्या न लागणाऱ्या बटणावर येऊन थांबले. धावजी हसू लागला. मथुराबाई हसल्या नाहीत.

“काहून रे,” त्या हलकेच म्हणाल्या, “इथंच मांगून खाल्ल्या असत्या त मी काय वाटीनं मारलं असतं तुले?”

“आमच्या घरात कोणी भाकर मागत नाही,” भीमराज जमिनीकडे पाहत म्हणाला. “बाबांनी टोपली जाळली तेव्हापासून.”

“आमची बी जाळली, बाप्पा. म्याच काडी लावली. ते गावकीची टोपली होती. इथं तू दर महिन्याले पैसे भरते. हे मांगनं नोहे, लेका. हे वसूल करनं हाय.” त्यांनी छत्री उचलून पिलांच्या अंगावर उघडी ठेवली. “बस खाली. धावजी, पहिल्यापासून.”

“माये चार झाले ना, मावशी!”

“तुये चार धर. त्याले नवी पत्रावळ दे, गोविंदा.”

दुपारचे ऊन धुरातून गाळून अंगणात पडले होते. भीमराज सावकाश खात होता, दूर कुठे चाललेले गाणे ऐकावे तसा. दोन झाले, चार झाले. गोविंदा आकडे पुकारायचेही विसरला. दोघेही नवव्या रोडग्यावर आले तेव्हा धावजी भिंतीला टेकला आणि त्याने हार मानून दोन्ही हात वर केले. ते भीमराजला दिसले नाही. त्याने मान वर न करता पत्रावळ पुढे सरकवली.

“अजून एक.”

“दोन टाकू?”

“टाका, मावशी.”

रोडगा मोडता मोडता त्याने एक वाक्य मनातल्या मनात म्हणून पाहिले, आणि ते म्हणणे मुळीच अवघड नव्हते : गेली दोन वर्षे आपल्याला भूक लागत होती.