अल्तमशचा अनुभवाचा दाखला

साखरखेर्ड्यात ट्रॅक्टरची ट्रॉली करून घ्यायची तर उत्तमरावांकडेच, हे तुम्हाला बसस्टँडवरचा कोणीही सांगेल. तो उत्तमराव म्हणजे मी. तीस वर्षांत माझ्या वर्कशॉपमधून एक ट्रॉली वाकडी बाहेर पडलेली नाही. त्यामुळे अल्तमश जेव्हा म्हणाला, "काका, एक अनुभवाचा दाखला पायजे होता," तेव्हा मी हसलोच.

"थ्या दाखल्याचं काय एवढं बे? लोखंड वाकवणाऱ्याले कागद जड हाये का?"

अल्तमश माझ्याकडे चौदा वर्षं वेल्डिंग करतो. अठराव्या वर्षी आला तो इथलाच झाला. ऑस्ट्रेलियात वेल्डर कमी आहेत म्हणे, आणि चांगल्या कारागिराला ते लोक बायकापोरांसकट कायमचं बोलावून घेतात. पण सगळं गुणांवर. वय, इंग्रजी, काम, सगळ्याला गुण. तेहतिसावं वर्ष पूर्ण झालं की वयाचे गुण कमी होतात, आणि अल्तमशला पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला तेहतीस वर्षं पूर्ण होणार होती. म्हणजे जे करायचं ते त्याआधी.

इंग्रजीची परीक्षा त्याने संभाजीनगरला जाऊन दिली. ग्राइंडर चालू असताना कानात इंग्रजी बातम्या ऐकायचा, त्याला परीक्षेच्या शांत खोलीत काय अवघड जाणार? वेल्डिंगची परीक्षा पुण्याला झाली. तिथल्या साहेबाने त्याने जोडलेला सांधा मधोमध कापून पाहिला, आत टाचणी शिरेल एवढं भोक सापडलं नाही. पोरगा दोन्हीकडे पास झाला.

नापास झालो मी.

पहिला दाखला मी जीव ओतून लिहिला. 'चि. अल्तमश हा मला मुलासारखा असून आमच्या घरातलाच आहे. दुपारी आमच्याच घरी जेवतो. त्याला मी कधी नोकर मानले नाही. पगाराची गोष्ट आमच्यात कधी निघत नाही.' खाली सही, शिक्का. वाचून रुखमाबाईने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, पदराने डोळे पुसले. असा दाखला अख्ख्या जिल्ह्यात कोणी दिला नसेल, अशी माझी खात्री पटली.

बुलढाण्याला सुचिता मॅडम आहेत, त्या परदेशी जाणाऱ्यांचे कागद तयार करतात. त्यांनी तो वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"उत्तमराव, नोकर नाही, पगार नाही, घरातला हाये. म्हणजे यानं चौदा वर्षं नोकरी केलीच नाही, असं तुम्हीच लिहून देऊन राह्यले."

"मॅडम, मी तं चांगलं लिहिलं."

"चांगलं नको. काम काय, तास किती, पगार किती. बस."

पगार बँकेच्या पुस्तकात दिसत होताच. राहिली कामं आणि तास. दुसरा दाखला लिहिताना मी काही म्हणता काही सोडलं नाही. ट्रॉली, पेरणीयंत्र, लोखंडी गेट. सौ. रुखमाबाईंना चिखलीच्या दवाखान्यात नेणे. नात छकुली हिला सुट्टीत सायकल शिकवणे. मालकाला बीपीच्या गोळीची आठवण करून देणे. वेळ: सकाळी आठ ते काम संपेपर्यंत. सुगीत काम संपत नाही.

मॅडमनी बोटांवर हिशोब केला. "आठवड्याचे नव्वद तास होते हो. हे वाचून ते त्याले व्हिसा नाही देणार, तुमच्याकडे पोलीस पाठवतील. अन् हा वेल्डर हाये का नर्स?"

मग तिसरा दाखला त्यांनीच सांगितला, मी लिहून घेतला. कोरडा ठणठणीत. वेल्डर, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, पगार इतका. तो घरी आणला आणि त्यावर सही करायची राहिली. एक दिवस राहिली, दोन दिवस राहिली, आठवडा गेला. अल्तमश रोज त्या कागदाकडे बघायचा.

शेवटी रुखमाबाई बोलली.

"ट्रॉलीत सूतभर फरक पडत नाही तुमचा, अन् एका कागदात दोनदा चुकता, तिसऱ्यावर सहीच नाही? तुमाले त्याले जाऊच द्यायचं नाही."

मी म्हणालो, "काहीतरीच तुझं." पण ती खरं बोलली होती. कारागीर दुसरा मिळाला असता. पण आमचा पोरगा राजकुमार नोकरीसाठी गाव सोडून गेला त्याला सहा वर्षं झाली. दुपारी माझ्यासमोर ताटावर बसणारा हाच एक उरला होता, आणि मी त्याचा रस्ता अडवून बसलो होतो. मला माझीच लाज वाटली. त्याच दुपारी सही केली आणि मॅडमनी कागद ऑस्ट्रेलियाला पाठवले.

चार दिवसांनी, नऊ तारखेच्या अलीकडेच, तिकडच्या हापिसातून व्हिडिओ कॉल आला. दाखला खरा की खोटा, हे ते लोक मालकालाच विचारतात, आणि घरच्या माणसाचा दाखला धरत नाहीत, असं मॅडमनी बजावलं होतं. मी वर्कशॉपमध्ये वेल्डिंगच्या कांड्यांच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. अर्जदाराने समोर थांबायचं नाही म्हणून अल्तमश बाहेर गेला. पडद्यावर एक गोरा साहेब आणि एक मराठी बोलणारी दुभाषी बाई.

काम, तास, पगार, सगळं मी धडाधड सांगितलं. मग बाई म्हणाली, "अर्जदाराशी आपलं काही नातं आहे?"

मी डब्याला टेकवलेला फोन उगाच सरळ केला.

"आवाज येतोय ना, काका?"

"येते."

"नातं आहे का काही?"

"नाही," मी म्हणालो. "माह्याकडे कामाले हाये."

"घरगुती संबंध?"

"काहीच नाही."

एवढ्यात मागून, घरातून रुखमाबाईची खणखणीत हाक आली. चौदा वर्षांची सवय ती. "अल्तमश, जेवाले ये रे बाळा, भाकर थंडी होऊन राह्यली!"

दुभाषी बाई थांबली. साहेब तिच्याकडे बघायला लागला. माझ्या डोळ्यांसमोर ऑस्ट्रेलिया बुडाला.

"हे काय?" तिने विचारलं.

"जेवण," मी म्हणालो. "दुपारचं जेवण मालकाकडून. नोकरीच्या अटीतच हाये."

तिने साहेबाला सांगितलं. साहेबाने मान हलवत ते लिहून घेतलं. मग ती किंचित हसली आणि म्हणाली, "दाखला ठीक आहे, काका. आमच्याकडून काही अडचण नाही."

जेवायला बसलो. अल्तमश समोर. तो भाकरी कुस्करत होता.

"काका, म्या बाहेरून सगळं ऐकलं."

"मंग?"

"बराबर बोल्ले तुम्ही," तो म्हणाला आणि ताटाकडेच बघत राहिला.

मी डोळे पुसले आणि आतल्या दिशेने ओरडलो, "काऊन व, ठेचा केवढा तिखट केला आज?"

रुखमाबाई दारात येऊन आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"ठेचा?" ती म्हणाली. "आज तं नुसतं वरण हाये."