हेतूवाले लोबो सर

लोबो सर कांदा खिशात ठेवायचे नाहीत. नागपूरच्या मे महिन्यात ही गोष्ट वेडेपणात मोजली जाते. लू लागू नये म्हणून माझ्या आईने एकदा त्यांच्या खिशात कांदा कोंबला, तर त्यांनी तो अदबीने परत केला. "माई, कांदा खाण्यासाठी असतो." त्याच दुपारी ते बर्डीच्या बाजारात चक्कर येऊन पडले. शुद्धीवर आले तेव्हा कोणीतरी त्यांना वर्तमानपत्राने वारा घालत होतं. सर पडल्यापडल्याच म्हणाले, "ते वाचण्यासाठी आहे."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही एकाच कॉलेजात होतो. मी मराठी शिकवायचो, ते तर्कशास्त्र. प्रताप नगरात आमची घरं भिंतीला भिंत लागून. ते मूळचे वसईचे, कट्टर कॅथलिक, एकटेच राहायचे. प्रत्येक वस्तूला देवाने एक हेतू दिलाय आणि त्याविरुद्ध वापर म्हणजे निसर्गाचा अपमान, असं त्यांचं ठाम मत. आई वरवंट्याने खिळा ठोकू लागली की ते हातोडी घेऊन धावत यायचे. "हेतू, माई, हेतू!"

"हा मानूस बायको कुठून आनीन गा?" आई मला विचारायची.

सूट फक्त विन्सेंटला होती. विन्सेंट रेल्वेत गार्ड, इथलाच, चर्चमध्ये गाणारा. दर रविवारी मिस्सा आटोपली की सरांकडे जेवायला यायचा. तो दाताने बाटली उघडायचा, छत्रीच्या दांड्याने आमच्या चिंचा पाडायचा, सरांच्या फुलदाणीत ताक प्यायचा. सर नुसते हसत बसायचे. आठवड्यातून तेवढाच एक दिवस त्यांच्या घरातून हसणं ऐकू यायचं.

मग एका रविवारी हसणं आलं नाही. मी अंगणात होतो. भिंतीपलीकडून विन्सेंटचा आवाज आला, "काहून पण? मी काय केलं?"

"तू काही केलं नाहीस. तू बदली मागून घे. बिलासपूरला जा."

"मले इथं तुझ्याशिवाय कोन आहे गा?"

"देव आहे."

"तो रविवारी जेवाले येते का?"

थोड्या वेळाने फाटक वाजलं. पावसाळ्याआधी विन्सेंट बिलासपूरला गेलासुद्धा.

पुढे एका संध्याकाळी सरांनी मला आपण होऊन सांगितलं. वर्गात शिकवावं तसं, टप्प्याटप्प्याने. "माझा स्वभावच तसा. बायकांकडे ओढा नाही. विन्सेंटचंही तेच. आमचं चर्च म्हणतं, ओढ असणं हे पाप नाही. त्या ओढीनं वागणं हे पाप. कारण देहाचा हेतू संसार आणि मूल. पापनिवेदनात मी फादरना सगळं सांगितलं. ते म्हणाले, त्याला भेटणं थांबवशील तरच पापक्षमा. फादर वाईट नाहीत हो. सांगताना त्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं."

"ओढ पाप नाही, तर ही शिक्षा कशाची?"

"शिक्षा नव्हे. क्रूस आहे. ज्याचा त्याने वाहायचा."

मी चिडलो. आमच्या घराने छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेली. म्हटलं, "सर, जो धर्म माणसाला माणूस म्हणून जगू देत नाही, तो आम्ही सोडला. तुम्हीही सोडा."

"तुमच्या वडिलांना त्या धर्मात कोणी जवळ घेतलंच नव्हतं. मला त्याच वेदीपाशी सगळं मिळालं हो. आईचा हात धरून तिथेच गेलो, गाणं तिथेच शिकलो. विन्सेंटही भेटला तो इथल्या वेदीपाशीच."

"आता चर्चमध्ये कम्युनियनचा प्रसाद मिळतो ना? बरं वाटतं?"

"शुद्ध वाटतं," सर म्हणाले. "बरं नाही वाटत."

त्यानंतर ते कोणालाच टोकेनासे झाले. स्टाफरूममध्ये प्राचार्यांनी हजेरीपटाने वारा घेतला तरी खिडकीबाहेर बघत बसायचे. आई मुद्दाम त्यांच्या देखत वरवंट्याने खिळे ठोकायची. हातोडी काही आली नाही.

हिवाळ्यात त्यांना जबर ताप भरला. आई दुपारी त्यांच्याकडे गेली आणि कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेवू लागली. मी डॉक्टरला सोडून आलो, तर सरांनी आईचा हात दोन्ही हातांनी धरून गालाशी दाबलेला.

"माई, विन्सेंट गेल्यापासून मला कोणी हात लावला नाही."

आईला तर्कशास्त्र ठाऊक नव्हतं, चर्च तर मुळीच नाही. तिने हात काढला नाही. "निज गा लेकरा. मी कुठी नाही जाऊन राहिली." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या विन्सेंटले तार कर. दोस्त आहे, येईन धावत."

मी निघालोच होतो. सरांनी डोळे उघडले नाहीत.

"नको. तो आला तर मी त्याला परत जाऊ देणार नाही."