मंगळावरची घोडी

मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करत होता तोपर्यंत धैर्यशील शिर्केच्या आयुष्यात काही बिघडलेलं नव्हतं. रविवार होता, बडोद्याच्या वाडी भागातल्या सासरच्या घरी जेवायचं बोलावणं होतं आणि सासूबाई येसूबाई ‘पुरे’ म्हटलं तरी वाढतच होत्या. एवढ्यात सासरे संपतराव ताटावरून उठले, हात धुऊन आतल्या खोलीत गेले आणि एक पुस्तक आणून त्यांनी जावयाच्या ताटाशेजारी ठेवलं.

मुखपृष्ठावर पांढरा घोडा, घोड्यावर फेटेवाला स्वार आणि स्वाराच्या मागे आकाशात निघालेलं रॉकेट. ‘पागा क्रमांक चार’. लेखक : अश्वमित्र.

“हे अश्वमित्र म्हणजे आम्ही,” संपतराव म्हणाले.

धैर्यशीलचा घास तोंडापर्यंत आला आणि तिथेच थांबला. रश्श्याचा एक ओघळ कोपरापर्यंत गेला तरी त्याला कळलं नाही.

“आबा! तुम्ही कादंबरी लिहिलीत?” त्याची बायको रूपाली किंचाळलीच.

“सात वर्षं लिहीत होते,” येसूबाई म्हणाल्या. “मला वाटायचं, वीज बोर्डावर केस करतायत पेन्शनची.”

संपतरावांचे खापरपणजोबा बडोदा संस्थानच्या घोडदळात स्वार होते. खुद्द संपतरावांची सगळी नोकरी वीज बोर्डात मीटर बघण्यात गेली होती. पण रक्त घोडदळाचं. निवृत्तीनंतर त्यांनी खापरपणजोबांची चाळीस स्वारांची तुकडी कागदावर उभी केली आणि एका वादळातून थेट बाविसाव्या शतकात, मंगळावरच्या लढाईत नेऊन सोडली. तीनशे प्रती छापल्या. नाव मात्र लपवलं.

“नाव लपवलं म्हणजे लोक खरं बोलतात. म्हटलं, बघू तरी काय म्हणतात,” ते म्हणाले आणि जरा थांबले. “बघितलं.”

खिशातून त्यांनी चार घड्यांचा एक कागद काढला. पुस्तकं विकणाऱ्या एका संकेतस्थळावरचे वाचकांचे अभिप्राय त्यांनी छापून आणले होते. पहिले काही त्यांनी भराभर वाचले. ‘पुस्तक वेळेवर मिळालं, पॅकिंग उत्तम. पाच तारे.’ ‘अजून वाचलं नाही, पण विषय नवा आहे. पाच तारे.’ ‘रॉकेट असेल असं वाटलं होतं, आहे. समाधान झालं.’ मग त्यांनी चष्मा सारखा केला.

“आणि हा एक. करजणकर म्हणून कोणी आहे. ‘लेखकाने आयुष्यात घोडा पाहिलेला नाही, आणि सैन्य पाहिलं असलंच तर ते वरातीतलं. पान शहाऐंशीवर बिजली नावाची घोडी धारातीर्थी पडते. पान एकशे चाळीसवर तीच घोडी मंगळावर चौखूर धावते. तुकडी जाताना चाळीस स्वार असतात, परत येताना एकेचाळीस. हा एकेचाळिसावा कोण, हे लेखकालाही ठाऊक नसावं. एक तारा, तोही मुखपृष्ठावरच्या घोड्याला.’”



“नालायक माणूस!” रूपाली म्हणाली. “कोण आहे हा?”

हा, तिच्या शेजारी बसून भाकरी गिळायची खटपट करत होता. धैर्यशील बडोद्याजवळच्या करजणच्या एका कारखान्यात व्हॉल्व्ह तपासायच्या कामावर होता. धातूतली केसाएवढी चीर शोधण्याचाच त्याला पगार मिळे. त्यात युद्ध आणि काळप्रवास या दोन विषयांवर मिळेल ते वाचण्याचं वेड. मराठीत या दोन्हींचं पुस्तक आलंय म्हटल्यावर त्याने ते हावरटासारखं मागवलं, दोनदा वाचलं आणि कॅन्टीनमध्ये बसून बारा मिनिटांत हा अभिप्राय हाणला होता. तो त्याला त्या दिवशी फार आवडलाही होता.

“असतात असे लोक,” तो कसाबसा म्हणाला.

“दुसरा भाग अर्धा झाला होता,” येसूबाई हळू आवाजात म्हणाल्या. “पंधरा दिवस झाले, वहीला हात लावला नाही त्यांनी. सकाळी उठतात, टेबलाशी बसतात, आणि नुसते बसतात.”

 अभिप्राय लिहिताना धैर्यशीलच्या डोळ्यांसमोर कोणी माणूसच नव्हता. अश्वमित्र नावाची एक चूक होती फक्त. आता ती चूक समोर बसून त्याला आणखी एक भाकरी घ्या म्हणत होती.

घरी येताना त्याने ठरवलं, अभिप्राय पुसून टाकायचा. मग विचार केला, आज पुसला तर संपतराव उद्या म्हणतील, काल कागद वाचला तेव्हा घरात कोण कोण होतं? चौघं. त्यातले लेखक एक, लेखकाची बायको एक, लेखकाची मुलगी एक. उरतं कोण? व्हॉल्व्ह तपासणाऱ्या माणसाला एवढा हिशेब कळायला वेळ लागला नाही. म्हणून त्याने पुसायचं सोडून थोडं मऊ केलं. एकाचे तीन तारे केले आणि खाली एक ओळ जोडली : ‘कल्पना मात्र धाडसी आहे.’

बुधवारी सकाळी फोन आला.

“जावईबापू! शत्रू मागे हटला!”

“कोण शत्रू, आबासाहेब?”

“करजणकर! एकाचे तीन तारे केलेत बेट्याने. घाबरला! आता थांबायचं नाही, पाठलाग करायचा. रविवारी या. मी उत्तर तयार केलंय, फक्त टाइप करायचंय.”

“तुमचा टॅब आहे ना?”

“त्यात ‘घोडा’ लिहायला गेलं की ‘गोडा’ होतो. आणि घोड्यावरच तर सगळं भांडण आहे!”

रविवारी सगळे पुन्हा जमले. संपतराव चार बंद लिहून तयार होते. धैर्यशीलने फोन काढला. त्याचा बेत साधा होता : सगळं मुकाट्याने टाइप करायचं, शेवटी नेटवर्क गेलं म्हणायचं आणि मग घरी जाऊन नव्या नावाचं खातं काढून तिथून पाठवायचं. फोनवर संकेतस्थळ करजणकर या नावानेच उघडलेलं होतं. पण ते नाव कोपऱ्यात बारीक अक्षरांत होतं आणि इतकं बारीक संपतरावांना चष्म्यातूनही दिसत नसे.

“लिहा,” संपतराव म्हणाले. “‘अरे करजणकरा, तू दिवाभीत आहेस. नाव लपवून वार करतोस.’”

धैर्यशीलने लिहिलं.

“‘तुझ्यासारख्याला आमच्या पागेत लीद काढायलाही कोणी ठेवलं नसतं.’ लीदमधला ली दीर्घ.”

“हो, दीर्घच घेतलाय.”

“‘काळप्रवासात घोडी मेली तरी मरत नाही, एवढं तुझ्या टाळक्यात शिरलं नाही.’ झालं? आता पाठवा.”

“अरेच्चा,” धैर्यशील म्हणाला, “नेटवर्क गेलं वाटतं.”

“कुठे गेलंय?” रूपालीने मान वाकवून पाहिलं. “चारही कांड्या आहेत की.” आणि तो फोन मागे घेईपर्यंत तिने बोट टेकवलंसुद्धा.

संपतराव टॅब घेऊन बसलेच होते. “आलं! आलं बघा!” त्यांनी उत्साहाने मोठ्याने वाचायला घेतलं. “‘करजणकर लिहितात : अरे करजणकरा, तू दिवाभीत आहेस...’” ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. “हा स्वतःलाच शिव्या का घालतोय?”

“उपरती झाली असेल,” येसूबाई म्हणाल्या.

“पण हे माझं वाक्य आहे. लीदही माझी आहे.”

रूपालीने नवऱ्याच्या हातातला फोन काढून घेतला. कोपऱ्यातलं बारीक नाव वाचलं. मग नवऱ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. तिने फोन टेबलावर, वडिलांच्या समोर ठेवला.  जमीन फाटून आपल्याला बाविसाव्या शतकात नेईल तर बरं, असं धैर्यशीलला मनापासून वाटलं.

तेवढ्यात टॅब टिंग टिंग वाजू लागला. कोणा वाचकाने लिहिलं होतं, ‘स्वतःच्या चुका इतक्या मोकळेपणाने कबूल करणारा समीक्षक प्रथमच पाहिला. पाच तारे.’

“आबासाहेब,” धैर्यशील उभा राहिला, “मला माहीत नव्हतं हो, की तुम्ही...”

“बसा.”

“शपथेवर सांगतो, माहीत असतं तर मी...”

“माहीत असतं तर पाच तारे दिले असते. बसा म्हणतो ना!”

संपतराव उठून आत गेले. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. “आत तलवार तर नाही ना?” धैर्यशीलने रूपालीला विचारलं. “असती तर मीच आणून दिली असती,” ती म्हणाली.

संपतराव आले ते ‘पागा क्रमांक चार’ची एक प्रत आणि शिसपेन्सिल घेऊन. ते जावयाच्या अगदी जवळ बसले.

“पान शहाऐंशी. कुठे मरते घोडी?”

धैर्यशीलने ओळ दाखवली.

“आणि एकशे चाळीस?”

तीही दाखवली. संपतराव दोन्ही पानं आलटूनपालटून बघत राहिले. चेहरा हळूहळू उतरत गेला.

“खरंच की. मेलीय.” ते पुटपुटले. “घोडी मेली तरी मरत नाही वगैरे आम्ही रागाने लिहिलं हो. आमच्या लक्षातच आलं नव्हतं.” मग त्यांनी मान वर केली. “जावईबापू, छत्तीस जणांनी पाच तारे दिले. आमच्या भजनी मंडळातल्या नऊ जणांनी वाचून डोळ्यांत पाणी आलं म्हणून सांगितलं. एकालाही मेलेली घोडी पळताना दिसली नाही? म्हणजे वाचलं कोणी?”

येसूबाई टेबलावरचे कागद उगाच सारखे करू लागल्या.

“तुम्ही एकट्याने वाचलंत,” संपतराव म्हणाले.  “शिव्या दिल्यात, पण वाचलंत. एकेचाळिसावा कोण ते मला ठाऊक आहे. दुसऱ्या भागात आहे. आणखी काय काय चुकलंय? सगळं सांगा. येसू, चहा टाक.”

त्रेसष्ट चुका निघाल्या. त्यानंतर चार महिने दर रविवारी धैर्यशील दुसऱ्या भागाची वही पुढ्यात घेऊन बसला, आणि पहिल्याच रविवारी त्याला पुन्हा धक्का बसला. वही चांगली होती. नुसती चांगली नाही, त्याच्या हातातला चहा गार झाला इतकी चांगली. तो एकेचाळिसावा स्वार काळात वाट चुकून आजच्या बडोद्यात उतरतो, मांडवीपाशी लगाम धरून उभा राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःच्या घरचा पत्ता विचारतो. मागून एक रिक्षावाला त्याला अदबीने गुजरातीत म्हणतो, “काका, घोडो जरा साइडमां ल्यो ने.” एवढ्याच प्रसंगावर धैर्यशीलला नाक पुसावं लागलं. वहीत पेन्सिलीची एकही खूण न करता त्याने ते प्रकरण परत केलं तेव्हा संपतरावांनाच काळजी वाटली. “बरं नाही का?” त्यांनी विचारलं.

दुसरा भाग छापून आला. धैर्यशीलने या वेळी स्वतःच्या खऱ्या नावाने, दोन दिवस खपून, पाच ताऱ्यांचा अभिप्राय लिहिला. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. तासाभरात खाली संपतरावांनी रूपालीकडून टाइप करून घेतलेली ओळ झळकली : ‘जावईबापू, अनेक आशीर्वाद. आबा.’

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्याने फोन उघडला आणि तो जागच्या जागी थिजला. ‘निझामपुरा वाचक’ नावाच्या कोणीतरी लिहिलं होतं : ‘घरचाच माणूस. पुस्तक उघडूनही पाहिलेलं दिसत नाही. शिवाय तिसरं वाक्य अकरा ओळींचं आहे आणि त्यात क्रियापद सापडत नाही. अभिप्रायाला तारे देता येत असते तर एक दिला असता.’ हे मत बेचाळीस जणांना उपयुक्त वाटलं होतं.

चार वेळा वाचलेलं पुस्तक! धैर्यशीलने सासऱ्यांना फोन लावला.

“आबासाहेब, बघितलंत? काय माणसं असतात हो! मी मन लावून लिहिलं आणि हा...”

“बघितलं, बघितलं. शांती राखा,” संपतराव समजुतीच्या सुरात म्हणाले. “सुरुवातीला लागतं मनाला. पण माणूस वाचून लिहितोय, जावईबापू. मी मघाशी बसून तुमचं तिसरं वाक्य तपासलं. खरंच क्रियापद नाही. पुढच्या वेळी लिहाल ना, तेव्हा आधी मला दाखवत जा.”