कुडाळकर सरांची कात्री

कुडाळकर सर नव्या माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याची मान कुठे कापायची ते बघून ठेवत. मी लालबागच्या त्या शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा एक डोळा मिटून, पेन्सिलीच्या टोकावरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "कॉलर उंच आहे. कापायला सोपा." मग विचारलं, "नाव काय रे तुझं?"

हे आमचे चित्रकलेचे शिक्षक. वर्गावर्गांचे फोटो तेच काढत आणि शाळेच्या वार्षिकांकाची पानंही तेच लावत. अंकाचं संपादन सगळ्यांत नव्या शिक्षकाच्या गळ्यात मारायची शाळेची पद्धत होती, म्हणून मी त्यांच्या तावडीत सापडलो. संपादक मी, पण कात्री त्यांची.

गैरहजर माणूस जुन्या फोटोतून कापून नव्यात कसा बसवायचा, हे मी त्यांच्याकडून शिकलो. कापून झालं की कडा मागच्या बाजूने पॉलिश पेपरने घासून पातळ करायच्या, म्हणजे चिकटवल्यावर सावली पडत नाही. सांध्यावरून करड्या रंगाचा हलका ब्रश. मग तो सगळाच फोटो कॅमेऱ्याने पुन्हा टिपायचा, की जोड गायब. पहिल्याच दिवशी मी एका बाईंचा कान उडवला.

"कान गेला तर जाऊ दे," सर म्हणाले. "मान सांभाळ. मान चुकली की माणूस पाहुणा दिसतो."

हे त्यांचं सगळीकडे चालायचं. बाजारात पापलेट कापून घेतानाही ते कोळणीला मान कुठे धरायची ते सांगत. ती म्हणे, "मास्तर, गप उभे ऱ्हावा, नायतर तुमचीच धरीन."

फोटोतल्या मिटलेल्या डोळ्यांना ते बुबुळं देत, तुटलेल्या गुंड्या लावत. एका वर्षी गणिताच्या सरांना त्यांनी केस दिले. गणिताच्या सरांनी हरकत घेतली नाही.

हरकत घ्यायचो मी. माझे वडील गिरणीत होते. घरात पुस्तकं नव्हती, युनियनची पत्रकं होती, त्यामुळे बाराखडी संपल्यावर मी थेट 'कामगार बंधूंनो' वाचायला लागलो. फोटोत खोटं घालणं मला सोसत नसे.

"सर, ही जनतेची फसवणूक आहे."

"मग जनतेला विचारून ये, डोळे मिटलेले हवेत की उघडे."

खरी चकमक झाली ती सातवी 'ब'वरून. गिरण्यांच्या संपाचं पहिलं वर्ष सरत आलं होतं. भोंगे बंद, पगार बंद, आणि वर्गातली बरीच मुलं आयांबरोबर गावाला गेलेली. फोटोच्या दिवशी सरांनी उरलेल्या वर्गाला शाळेच्या पायऱ्यांवर उभं केलं आणि मध्ये मध्ये जागा सोडायला लावल्या. "सरक तिकडे. ही सावंतची जागा. ती शिंदेची." मग काळ्या कापडात डोकं घालून फोटो काढला.

फोटो धुऊन आला आणि मी उडालोच. दात पडलेल्या तोंडासारखा वर्ग! मथळाही तयार होता: 'या जागा कोणी रिकाम्या केल्या?' मी धावत चित्रकलेच्या खोलीत गेलो, तर सर सहावीच्या जुन्या फोटोतून सावंतला कापून काढत होते.

"सर, थांबा! हा फोटो खरा आहे. असाच छापायचा."

"सावंत या वर्गातला की नाही?"

"आहे. पण तो गेला, आणि का गेला, हे लोकांना कळायला नको?"

सर चिडले की मालवणीत शिरत. "लोकांका ठावक आसा रे! त्या पोरांका खंय ठावक, आपली जागा अजून कोणी घेतलली नाय ती?"

मी पत्रकांच्या भाषेत तासभर भांडलो. शेवटी तह झाला. फोटो भरलेला, आणि त्याखाली गेलेल्या मुलांवर माझा लेख, एकही शब्द न कापता. माझं बरोबर होतं, असं मला अजूनही वाटतं.

फणसवाडीतल्या छापखान्यात प्रूफ बघताना तर मी जिंकलोच. सातवी 'ब'तला सुर्वे फोटोत दोनदा होता! फोटोच्या दिवशीच तो गावाहून परतला होता आणि आपली जागा मागायला लाजून मागच्या रांगेच्या टोकाला उभा राहिला होता. कापडाखाली, कॅमेऱ्याच्या काचेवर, सरांना वर्ग उलटा दिसे, त्यामुळे ते लक्षात आलं नाही. त्यांनी त्याच्या जागेवर सहावीतला सुर्वेही चिकटवला.

"बघा! खोटं असं उघडं पडतं."

सरांनी भिंगातून दोन्ही सुर्वे तपासले. "असूंदे," म्हणाले. "एक गेलेलो, एक परत इलेलो."

शाळेत परतलो. टेबलावर शिक्षकांचा फोटो होता, तेवढाच अजून छापखान्यात जायचा राहिलेला. एव्हाना माझी नजर बिघडली होती. मला आधी मोकळी जागाच दिसली. मागच्या रांगेत, गणिताच्या सरांशेजारी, एका माणसापुरती.

"ही कोणाची?"

"कोणाची नाय."

मी कपाटातले जुने अंक काढले. प्रत्येक अंकात तीच जागा मोकळी. फोटो नेहमी सरच काढत, त्यामुळे शाळेच्या फोटोत सर कधी आलेच नव्हते. घरी, ठाकूरद्वारच्या खोलीत, ते एकटेच.

"सगळ्यांना चिकटवता, मग स्वतःला का नाही?"

"स्वतःची मान स्वतः कशी कापू रे?" ते हसत म्हणाले. मग खिशातून बटर पेपरची घडी काढली. आत नोकरीला लागतानाचा फोटो होता, काळ्याभोर केसांचा, कडा न कापलेला. त्यांनी कात्री उलटी धरून मूठ माझ्याकडे केली आणि पाठ फिरवून धुतलेले ब्रश पुन्हा धुवायला घेतले.

मी जपून कापलं. तरी अंक छापून आला तेव्हा गणिताच्या सरांशेजारचे तरुण कुडाळकर सर जरा कललेलेच होते. सरांनी ते पान भिंगाखाली बराच वेळ धरलं.

"मान चुकली तुझी."

"पुढच्या वर्षी नीट बसवतो, सर."

"नको," ते म्हणाले. "पाहुणा दिसत नाय."