माशांना अहोजाहो करणारे आपटे

आमच्या शेजारचे आपटे माशांना अहोजाहो करतात.

बोटभर मासा गळाला लागला तर ‘अरे, तू कुठे मध्येच? जा, मोठा हो’ म्हणून सोडून देतात. पण चांगला हातभर, बास जातीचा मासा लागला की आवाजात एकदम अदब येते. ‘या, या. फार दमवलंत हो.’ मग गळ अलगद काढायचा, पाहुण्यांना दोन्ही हातांनी पाण्यात धरायचं आणि त्यांनी शेपटी हलवली की म्हणायचं, ‘ग्रँड. या आता.’ हे सगळं आयर्लंडमधल्या कॉर्कच्या गार वाऱ्यात, ली नदीच्या काठावर, कानटोपी घालून.

आता गंमत अशी, की हा माणूस शुद्ध शाकाहारी. केकमध्ये अंडं आहे का, हे बेकरीतल्या पोरीला परत परत विचारून तिचा जीव खाणारा. ऑफिसातल्या कुणीतरी एकदा नदीवर नेलं, हातात गळ दिला आणि हे तिथेच अडकले. ‘खात नाही तर पकडता कशाला?’ असं मी विचारलं, तर म्हणाले, ‘वहिनी, क्रिकेट खेळणारा चेंडू खातो का?’

बरं, स्वतःपुरतं ठेवतील तर आपटे कसले. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनासुद्धा ते बासचं पंचांग सांगतात. तेही मराठी महिन्यांत, कारण त्यांच्या मते जानेवारी-फेब्रुवारीला ऋतूची अक्कल नसते. ‘माघ-फाल्गुनात मासा खोल समुद्रात लग्नकार्याला गेलेला असतो, त्याला छळू नये. चैत्रात परत येतो, पण प्रवासाचा शीण असतो. ज्येष्ठात खेकडे जुनं कवच टाकतात. तो मऊ खेकडा म्हणजे त्याला हापूसची फोड. आणि आश्विनात तो बकासुर, समोर येईल ते खातो.’ गणपतीच्या आरतीत घड्याळ बघून ‘भरती सुरू झाली’ म्हणत हे निघाले, तेव्हा देवानेही हात टेकले असतील.

त्यांची बायको रुपाली वेंगुर्ल्याची. मासे म्हणजे तिचा जीव की प्राण. पण लग्नातच ठरलं होतं: तिने हवं ते खावं, स्वयंपाकघरात मात्र मासा येणार नाही. त्यामुळे बिचारी मागच्या शेडमध्ये, गवत कापायच्या यंत्राशेजारी, छोट्या गॅसवर बांगडे तळते. तिचा तवाही शेडमधल्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत कपाटात. तिकडे नवरा ताजे मासे नदीत सोडून देतोय आणि इकडे बायको फ्रोझन बांगडा तळतेय, असा हा संसार.

गेल्या चैत्रात रुपालीची आई आली. माई. रुपालीचे वडील गेल्यापासून त्या वेंगुर्ल्याला एकट्याच होत्या, म्हणून लेकीने हट्टाने तीन महिन्यांसाठी आणलं. आल्या आणि जेवेनाशाच झाल्या. डॉक्टरांनी सगळं तपासलं, आजार काही नाही. दोन घास खायच्या, ताट सरकवायच्या आणि खिडकीशी जाऊन बसायच्या. रुपालीने सुपरमार्केटमधून महागातला मासा आणून तळला, तर माईंनी त्याचं डोकं शोधत तो उलटसुलट करून बघितला.

‘ना तकली, ना शेपटी. ह्यो मासो की साबणाची वडी?’

जावयाशी त्यांचं रोज एकच बोलणं. ‘जावयबापू, माझा विमान कधी आसा?’ सोन्याच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरायला लागल्या. रुपाली माझ्याकडे येऊन रडायची. ‘आई अशीच परत गेली तर मला पुन्हा दिसायची नाही गं.’

एक दिवस ऑफिसला जाताना माझ्या गाडीत आपटे म्हणाले, ‘वहिनी, ज्येष्ठ लागू दे. खेकडे कवच टाकतील.’ मी अशी भडकले. तिकडे सासूबाई उपाशी आणि याला खेकड्यांचं पडलंय. तर खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, ‘मी एक मासा घरी आणणार आहे.’ माझी गाडी जवळजवळ फुटपाथवर गेली.

जूनमधल्या एका शनिवारी संध्याकाळी आम्ही सगळे नदीवर गेलो. माई नऊवारीवर लेकीचं फुगीर जॅकेट घालून घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या. पाणी उलटं वर चढायला लागलं तसं त्या बघतच राहिल्या.

‘हयसर पण भरती येता?’

‘येते ना, माई. समुद्र जवळच आहे,’ आपटे म्हणाले.

माई खुर्चीतून उठल्या आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

मऊ खेकडा लावलेल्या गळाची काठी बऱ्याच वेळाने वाकली. आपट्यांनी झुंजून मासा काठाला आणला, मोजपट्टी लावली. घरी न्यायच्या मापाच्या नियमात बसत होता. सवयीने म्हणाले, ‘या, या. फार दमवलंत...’ आणि थांबले. मासा त्यांच्या हातात, कल्ले हलताहेत, आणि आपटे पाण्याकडे वाकलेत. मला वाटलं, सोडतोय हा आता.

‘माफ करा,’ आपटे माशाला म्हणाले. ‘आज आमच्याकडे यायचंय.’

आणि मासा माईंच्या हातात देऊन ते पाठ फिरवून उभे राहिले. पुढचं माईंनी केलं. मग मासा वर धरून त्या लेकीला म्हणाल्या, ‘अगो, ह्यो तर आपल्या चोणकाचो चुलतभाव.’ चोणक म्हणजे त्यांच्या खाडीतला मासा. किती दिवसांनी त्यांचा आवाज असा मोकळा ऐकला.

घरी आल्यावर रुपाली सवयीने शेडकडे वळली. आपट्यांनी स्वयंपाकघराचं दार उघडून धरलं. ‘बाहेर गार आहे,’ ते म्हणाले. ‘आतच करा.’ रुपाली डोळे पुसत तवा आणायला गेली.

जेवताना आपटे माईंच्या समोर वरणभात घेऊन बसले. नाकाला रुमाल नाही, काही नाही. माईंनी माशाचं डोकं चोखून चोखून खाल्लं आणि आणखी भात मागितला. वाढायला आपटेच उठले.

मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा चेहरा उतरलेला. मी म्हटलं, ‘माशाचं वाईट वाटतंय का?’

‘वाटतंय,’ ते म्हणाले. मग माझा कोट माझ्या हातात देत म्हणाले, ‘वहिनी, माझी आई आजारी होती तेव्हा मी इथून रोज फोन करायचो. जेवलीस का, विचारायचो. ती हो म्हणायची. तुला काय खावंसं वाटतंय, हे कधी विचारलंच नाही हो.’

तेवढ्यात आतून माईंनी हाक मारली.

‘जावयबापू, उद्याची भरती कधी आसा?’