फटफटीवरचा मुराळी

आमचे नाना फटफटी सावलीत लावायचे आणि स्वतः उन्हात उभे राहायचे. दोंडाईच्याला कचेरीसमोर एकच कडुनिंब होता आणि त्याच्या बुंध्याशी माणसं दाटीवाटीने बसलेली असायची. नाना सरळ जाऊन त्यांना उठवायचे. "सरका भाऊ, मन्हं जनावर तापी गयं." आणि माणसं खरोखर उठायची हो! तिथे फटफटी ऐटीत उभी राहायची आणि नाना डोक्यावर उपरणं टाकून भर एप्रिलच्या उन्हात तिच्यावर लक्ष ठेवत.

नाना म्हणजे माझे थोरले काका. दोंडाईच्याजवळच्या खेड्यात आमचं घर. आई मी तान्ही असतानाच गेली, वडील सुरतला गिरणीत, सणावाराला येणारे. त्यामुळे मला वाढवलं ते नाना-नानींनीच. त्यांना मूलबाळ नव्हतं. ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराला नानांनी घरच्या दोन बैलजोड्यांपैकी एक विकली आणि एका व्यापाऱ्याची वापरलेली लाल फटफटी घरी आणली. गावात चर्चा झाली. "नानाले म्हतारपणमा फॅशन सुचनी." नानांनी गाडीला कुंकू लावलं, टाकीवरून हात फिरवला आणि तिचं नाव ठेवलं तांबी.

"ही गाडी नही, जनावर शे," हे त्यांचं पालुपद. पोळ्याला तांबीच्या हँडलला गोंडे बांधले जात. सीटवर पुरणपोळी ठेवली जाई, ती दरवर्षी आमचा कुत्रा खाई आणि नाना समाधानाने सांगत, "खाई लिधी तिनी."

आता नाना ती चालवायला शिकले कसे, ते ऐका. व्यापाऱ्याच्या माणसाने क्लच, गिअर, ब्रेक सगळं अर्ध्या तासात सांगितलं. नाना मान डोलवत होते. लक्ष कुठे होतं देव जाणे. गाडी सुरू झाली, चार पावलं गेली, समोर हातगाडी आली. चाळीस वर्षं बैल हाकलेल्या माणसाने जे करायचं तेच नानांनी केलं. "हो... हो!" म्हणत कासरा ओढावा तसं हँडल पोटाशी ओढलं. आता फटफटीची मूठ अंगाकडे वळली की काय होतं, हे चालवणाऱ्यांना सांगायला नको. तांबी उधळली. नाना आणखी जोरात ओढायला लागले, ती आणखी जोरात पळायला लागली.

रस्त्याच्या कडेला लाल मिरचीची पथार होती. आमच्या दोंडाईच्याला मिरचीचा मोठा व्यापार, त्यामुळे गावाबाहेर एकरभर जागेवर नुसती मिरची वाळत पडलेली असते. नाना त्या पथारीत शिरले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मिरच्या निवडणाऱ्या बाया उठून पळाल्या. अर्धा मैलभर माणसं शिंकत होती. पलीकडच्या ढिगात तांबी एकदाची रुतून बंद पडली, तेव्हा नाना डोक्यापासून पायापर्यंत लाल झालेले, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तोंडाने अजून "हो... हो" चालूच.

दुसरा असता तर गाडी विकून मोकळा झाला असता. नाना तीन दिवस ओट्यावर बसून विचार करत राहिले. चौथ्या दिवशी म्हणाले, "समजनं! बैलले वढा का थांबस, हिले वढा का पयस. हिन्हं बठ्ठं उलटं शे. ढील देवानी, मंग थांबस." आणि खरंच सांगते, त्यानंतर नाना तांबीवरून कधी पडले नाहीत.

मी पुढे मास्तरीण झाले. आयुष्यभर वर्ग हाताळले, त्यामुळे कोण कसं शिकवतं याच्याकडे माझं लक्ष आधी जातं. नानांइतका पक्का शिक्षक मी पाहिला नाही. पंचक्रोशीतली पंचवीस-तीस माणसं त्यांनी फटफटीवर बसवली असतील. पद्धत ठरलेली. पहिले आठ दिवस गाडी बंद ठेवून नुसती ढकलत गावाला फेरी मारायची. "जनावर पह्यले हातवर चालाडनं पडस." मग आठ दिवस स्टँडवर लावलेल्या गाडीवर बसून राहायचं, काही करायचं नाही. मोठमोठे सरपंच आमच्या खळ्यात असे पुतळ्यासारखे बसलेले मी पाहिलेत! कुणी कुरकुर केली की नाना विचारायचे, "घाई कोनले शे? तुले का तिले?" आणि थांबताना तोंडाने "हो... हो" म्हटलंच पाहिजे. म्हटलं नाही तर परत ढकलण्यापासून सुरुवात. दोंडाईच्याच्या बाजारात कुणी ब्रेक लावताना "हो... हो" म्हणाला की लोक ओळखायचे, हा आमच्या नानांचा चेला.

मी धुळ्याला डी.एड.ला होते. सुट्टीत घरी आले आणि म्हटलं, "नाना, मलाही शिकवा." नानींच्या हातातली कढई राहिली हातात. "पोरगी आशी टांग टाकीसन बसी का? लोक काय म्हनतीन?" नानांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "ढकली दखाड."

मी ढकलली! आठ दिवस, अख्ख्या गावातून, पोरंटोरं मागे. पारावरची मंडळी खो खो हसायची. चौथ्या दिवशी घरी येऊन रडले. नाना म्हणाले, "रड, पन उद्या फेरी शेच." मुलगी म्हणून एक दिवस माफ केला नाही. सोळा दिवसांनी किक मारली ती पहिल्या फटक्यात. पारावरचं हसणं त्या दिवशी बंद झालं. नानींनी दृष्ट काढली, आधी माझी, मग तांबीची.

आता मुख्य गोष्ट. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि आखाजी म्हणजे लेकींचा सण. सासरी गेलेली पोर आखाजीला माहेरी येणारच. पण ती आपणहून एस.टी.त बसून येत नाही. माहेरचं माणूस आणायला जातं, त्याला म्हणतात मुराळी. परका चालत नाही, रक्ताचा लागतो. आणि आखाजीच्या दुपारी पितरांना घास टाकायच्या आत लेक उंबऱ्याच्या आत हवी.

नानांची एकच बहीण, सिंधूआत्या. तापीच्या पलीकडे दिलेली, आमच्या गावापासून पंधरा कोसांवर. दरवर्षी नानाच मुराळी. मी फटफटी शिकले त्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी तांबीला धुऊनपुसून सावलीसाठी वर चटई बांधायला नाना खाटेवर चढले, आणि खाट कलंडली. फटफटीवरून कधी न पडलेला माणूस खाटेवरून पडला. उजवा हात मोडला. दोंडाईच्याला जाऊन प्लास्टर घालून येईपर्यंत दिवेलागण झाली.

वडील सुरतेहून दुसऱ्या दिवशी दहाच्या गाडीने पोचणार, म्हणजे आत्याला आणायला उशीरच. नाना ओट्यावर बसलेले. हाताचं त्यांना काही नव्हतंच, सारखे आभाळाकडे बघत होते. "सिंधू वाट देखत व्हई," एवढंच. जेवले नाहीत. या माणसाला मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.

मी म्हटलं, "नाना, मी जाते."

नानी म्हणाल्या, "पोरगी मुराळी? कधी ऐकं नही बाई!"

नानांनी डाव्या हाताने कमरेची किल्ली काढून माझ्या पुढ्यात ठेवली. "पहाटे नीघ."

उजाडताना निघाले. खरं सांगते, भीतीने पहिले दोन कोस दुसऱ्या गिअरच्या वर गेलेच नाही. तापीचा पूल आला, खाली वाळूत टरबुजाच्या वाड्या, वर मी एकटी. केळीच्या ट्रकमधल्या क्लीनरने मान बाहेर काढून पाहिलं. मीही त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मान आत घेतली. पुलाच्या पलीकडे गेले तेव्हा भीती कुठल्या कुठे गेली होती. ओरडून सगळ्यांना सांगावंसं वाटत होतं, अरे बघा, मी नानांची पुतणी!

आत्याच्या दारात गाडी थांबवली. तोंडातून आपसूक निघालं, "हो... हो!"

ओट्यावर आत्याचे सासरे, आबा, दातण करत बसले होते. म्हणाले, "नानाकडली दिसस. मुराळी कोठे शे?"

"मीच."

आबांनी दातण थांबवलं. घरात कुजबुज सुरू झाली. आत्या दाराच्या आड नवं लुगडं नेसून, गाठोडं हातात धरून उभी होती, तिचा चेहरा मला दिसत होता. आबा नाही म्हणाले असते तर मी काय करणार होते? मुराळ्याला परत पाठवणं त्यांच्या हातात होतं. आबा उठले. आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात पांढरी टोपी आणि टॉवेल होता. मुराळ्याचा तो मान असतो. टोपीकडे पाहिलं, माझ्या वेणीकडे पाहिलं, आणि जरा घोटाळले. मग म्हणाले, "मान तो मान शे," आणि ती टोपी माझ्या डोक्यावर ठेवली.

मी ती काढली नाही. तशीच आत्याला मागे बसवून निघाले.

पूल ओलांडल्यावर आत्या माझ्या कानाशी बोलायला लागली. "सुमन, तुले नानानी कधी सांगं का, मन्ही पह्यली आखाजी?"

लग्नानंतरची पहिली आखाजी. नाना बैलगाडीने निघाले आणि वाटेत एक बैल लंगडला. आत्या सकाळपासून सजून उंबऱ्यावर बसलेली. दुपार झाली, घास टाकून झाले, सासू म्हणाली, "माहेरचे विसरनात तुले." नाना पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. सण सरला म्हणून पाठवलं नाही. "रडला नही तो," आत्या म्हणाली, "नुसता उंबराकडे देखत राह्यना. मंग दर साल दोन दिन आधी येवाले लागना. आनि ही तांबी लिधी ना, तव्हय मले बोलना, सिंधू, आते दोन घंटामा येस मी."

सगळं गाव जिला म्हातारपणाची फॅशन म्हणत होतं, ती ही. माझे डोळे भरून आले. पण नानांनीच शिकवलेलं, गाडीवर रडायचं नाही, रस्ता दिसत नाही.

गावाच्या शिवेवर नाना उभे होते. हात गळ्यात बांधलेला. मी निघाले तेव्हापासून उभे होते, हे नानींनी नंतर सांगितलं. आत्या उतरली आणि म्हणाली, "नाना, अजून दहा बी वाजनात नही." नानांनी तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला. मग माझ्या टोपीकडे पाहिलं आणि नानींना हाक मारली, "पानी लय. मुराळीना पाय धुवाना शेत."

पुढच्या आखाजीला नानांचा हात चांगला बरा झाला होता. मी धुळ्याहून आले तर किल्ली पुन्हा माझ्या पुढ्यात. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मी विचारलं, "नाना, तुमचा हात बरा आहे, गाडी तुमची आहे, बहीण तुमची आहे. तुम्ही का जात नाही?"

नाना उपरणं डोक्यावर टाकून शिवेकडे निघाले होते. जाता जाताच म्हणाले, "मी गऊ ते शिववर कोन उभं राही? तिनी मन्ही वाट देखी व्हती, एक आख्खा दिन. आते मी देखस."