बंद, बंद आणि बंद

रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता मी म्हणालो, "बोर्ड मीच बसवतो."

एवढंच. पुढचं जे झालं ते या तीन शब्दांमुळे झालं, हे मी आता कबूल करतो. त्या वेळी मात्र बोलताना छाती जरा पुढे आली होती. (पोट आधीपासून पुढेच असतं. त्याचा उल्लेख पुढे येणार आहे.)

"कसला बोर्ड? नावाचा?" आई वाटाणे सोलत होती, तिथून तिनं विचारलं.

"नावाचा नाही गं. गेट आपोआप उघडायला लागेल ना, त्याचा."

"अहो, वायरमन मंगळवारी येतोय," बायको म्हणाली.

"आणि सोमवारचं काय?"

खरा प्रश्न सोमवारचाच होता.

आमचं गेट लोखंडी आहे, दोन झडपांचं, आणि ज्यानं बनवलं त्याला लोखंड फुकट मिळालं असावं इतकं जड. त्याच्या बिजागऱ्या गंजल्या होत्या. बायको म्हणायची, तेल घाला. मी म्हणायचो, येत्या रविवारी. असे किती रविवार आले आणि जेवून झोपले, याची मोजदाद नाही. मग एका संध्याकाळी लॅबमधून दमून आलेल्या बायकोनं गाडीतून उतरून गेट ढकललं, गेट अडलं, तिनं खांदा लावला आणि खांदाच गेला. सहा आठवडे हात पट्ट्यात. ती मला एका शब्दानंही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मला फार म्हणजे फारच वाईट वाटलं होतं. सहा आठवडे रोज सकाळी मी तिची वेणी घातली. (फाइलच्या नाडीला मारतो तशी गाठ मारून. लॅबमधल्या बायका बघायला आल्या तेव्हा ती डोक्यावरून पदर घेऊन बसली.)

आता डॉक्टरांनी सोमवारपासून कामावर जायला परवानगी दिली होती. गाडी चालवा म्हणाले, पण गेटला हात लावायचा नाही. पुन्हा खांद्याला झटका बसला तर ऑपरेशन. मी सातला घर सोडतो, ती नऊला. आईच्या अंगात गेट ढकलण्याचं बळ नाही. म्हणजे सोमवारी सकाळी नऊच्या आत ते गेट बटणावर उघडायला हवं होतं. गेटवाल्यानं दोन्ही झडपांना मोटरचे लांब दांडे बसवून दिले होते. राहिला होता तो फक्त त्यांना हुकूम सोडणारा बोर्ड, आणि वायरमन परगावी बहिणीच्या लग्नात.

मी ठरवलं. आणि मी एकदा ठरवलं की ठरवलं. (हे तेल घालण्याच्या बाबतीतही मी ठरवलंच होतं, पण ते असो.)

बोर्ड म्हणजे एका प्लॅस्टिकच्या डब्यात हिरवी पाटी, तिच्या खालच्या अंगाला स्क्रूंची लांबलचक रांग, आणि प्रत्येक स्क्रूखाली एकेक वायर जाणार. सोबत चाळीस पानी पुस्तक. पण कागदाला घाबरेन तो मी नव्हे. मी रेकॉर्ड विभागात आहे. बावीस वर्षं कागदांना चिठ्ठ्या लावतोय. आमच्या घरात डाळींच्या डब्यांना चिठ्ठ्या आहेत, चाव्यांना आहेत, जिन्याखालच्या जुन्या चपलांनाही आहेत. तेव्हा मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. मेनस्विच पाडला, डबा खांबावर ठोकला आणि पुस्तकात बघून प्रत्येक स्क्रूला चिकटपट्टीवर मराठीत नाव दिलं.

'ओपन' म्हणजे 'उघडा'. सोपं.

'क्लोज' म्हणजे 'बंद'. तेही सोपं.

मधे जेवण झालं. जेवून आल्यावर 'स्टॉप' लागलं. ऑफिसात एखादं काम थांबवलं की आम्ही शेरा मारतो, 'काम बंद'. लिहिलं, 'बंद'.

शेवटी एक जागा उरली, तिला काहीच लावायचं नव्हतं. वापरात नसलेल्या फाइलला आम्ही काय म्हणतो? बंद फाइल. तिथंही सुवाच्य अक्षरात 'बंद'.

डब्यापासून दोन पावलं मागे होऊन मी बघितलं. इतका नीटनेटका डबा अख्ख्या गल्लीत नसेल.

चार वाजता बायको गाडी काढून हात मोकळा करायला म्हणून एक फेरी मारायला गेली. गेट उघडंच होतं. जाताना म्हणाली, "नाही जमलं तरी चालेल हं. मी रिक्षानं जाईन."

हे 'तरी चालेल' मला फार लागतं. आईला मी हॉलच्या दारात खुर्ची टाकून दिली. तिच्या हाताशी मेनस्विच, मांडीवर दोनातला एक रिमोट. (दुसरा बायकोच्या गाडीत.) म्हटलं, "मी सांगेन तेव्हा चालू करायचं, आणि सांगेन तेव्हा बंद."

"एवढं कळतं मला," आई म्हणाली.

"कर चालू!"

डब्यात हिरवा दिवा लागला. आईनं रिमोट दाबला. काही नाही. मी म्हटलं, जोरानं दाब. तिनं दोन्ही अंगठ्यांनी दाबला. गेट ढिम्म. मेनस्विच पाडायला लावून मी वायरमनला फोन केला. मागे बँड वाजत होता.

"गेट बंद आहे हो!" मी ओरडलो.

"मग उघडा की!"

"उघडंच आहे!"

"अहो, मग बंद काय आहे?"

"गेटच! उघडं आहे, पण बंद आहे. चालत नाहीये!"

"हां, तसं बंद होय. स्टॉपची जोडी बघा. ती कायम बंद असायला लागते."

"बंदच आहे. मी तिथं काही लावलेलंच नाही."

"म्हणजे उघडी आहे, साहेब."

"काहीच नाही म्हटल्यावर उघडी कशी?"

"वायरीत बंद म्हणजे जोडलेली. त्यातनं वीज जाते, तेव्हा ती बंद."

"वीज जाते तेव्हा सगळंच बंद असतं!"

पलीकडे बँडचा आवाज जरा लांब गेला. मग तो अगदी लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला, "साहेब, स्टॉप आणि कॉमन, या दोघांत एक वायरीचा तुकडा टाका. बाकी कशाला हात लावू नका. माझी बहीण सासरी निघालीय." आणि फोन ठेवला.

एवढंच ना! तुकडा हवा होता आणि हाताशी वायर उरली नव्हती. गेटशेजारी घंटीची वायर होती. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण घंटी सोडून हाकाच मारतो, म्हणून तिचा वीतभर तुकडा कापला. 'कॉमन'मध्ये (माझी चिठ्ठी 'सामाईक') एक टोक घातलं. स्टॉप म्हणजे आपण काय लिहिलंय? 'बंद'. रांगेत पहिलं 'बंद' दिसलं, त्यात दुसरं टोक घालून स्क्रू पिळला. डबा लावला, कुलूप घातलं. (पाऊस, पाली, मुंग्या. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय.)

मग झडपं मधोमध नीट जुळतील ना, हे बघायला मी गेटच्या मधोमध जाऊन उभा राहिलो.

"आई, कर चालू!"

खटका पडला आणि दोन्ही झडपं आपणहून, सावकाश, माझ्याकडे निघाली. मला इतका आनंद झाला! मी टाळी वाजवली. (ही टाळी वाजवण्यात जे दोन सेकंद गेले, तेवढ्यात मी बाहेर पडलो असतो.) डावीकडून पोट, उजवीकडून पाठ, असा मी दोन लोखंडी झडपांत अलगद धरला गेलो.

"आई, बंद कर!"

"होतंय की रे बंद!"

"अगं, बंद कर, बंद!"

"दाबतेय ना मी!" आईनं रिमोट माझ्या दिशेनं लांब करून दाबला. "तू मधे उभा आहेस, म्हणून होत नाहीये बंद!"

मोटरी तशा सभ्य होत्या. मधे काही लागलं की चार बोटं मागे सरकायच्या. पण पहिलं 'बंद' म्हणजे 'क्लोज', आणि ते मी स्वतःच्या हातानं पिळून पक्कं केलेलं. (वायरीचा एक सुटा तंतू शेजारच्या 'स्टॉप'लाही टेकला होता, म्हणून ती अडवणूकही संपलेली.) मिटण्याचा हुकूम त्यांना अखंड चालू होता. त्या मागे सरकत, विचार करत आणि पुन्हा येऊन मला धरत. मी श्वास आत ओढून निसटायला बघे, तोवर श्वास संपे.

अशी सातवी की आठवी मिठी चालू असताना बायकोची गाडी समोर येऊन उभी राहिली. तिनं काच खाली केली.

"अहो, हे काय चाललंय?"

"बंद होत नाहीये!"

"तुम्ही बाहेर या, म्हणजे होईल."

"तसं बंद नव्हे गं!"

माझा चेहरा बघून तिला काय ते कळलं. ती दार उघडून उतरली, धावत आली आणि झडप मागे रेटायला तिनं हात पुढे केला. तोच हात.

"खबरदार गेटला हात लावलास तर!" मी ओरडलो. लग्नाला अठरा वर्षं झाली, एवढ्या आवाजात मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. "मी राहीन असाच मंगळवारपर्यंत! पण तू हात लावायचा नाहीस!"

ती जागच्या जागी थांबली. माझ्याकडे बघितलं, हात खाली घेतला आणि आत बघून खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, रिमोट ठेवा. तुमच्या उजव्या हाताचा मोठा खटका खाली पाडा."

खाट! झडपांचा जोर गेला. मी पोट चोळत बाहेर आलो.

"असं नीट सांगावं की माणसानं," आई म्हणाली.

बायकोनं डबा उघडायला लावला, चष्मा लावून चिठ्ठ्या वाचल्या. "बंद. बंद. बंद." मग माझ्याकडे वळून, "यातलं कोणतं बंद?"

मी हार मानणाऱ्यातला नाही. तिन्ही चिठ्ठ्या ओरबाडून काढल्या आणि 'क्लोज'वर नवीन लिहिली, 'लावा'. दार लाव म्हणतो ना आपण.

"आणि पंखा लाव म्हणतो, ते काय असतं?" बायको म्हणाली. "आईंना गेट लावा म्हटलं तर त्यांनी ते मिटायचं की चालू करायचं?"

तीही फाडली. शेवटी 'मिटा', 'थांबा' आणि 'रिकामी जागा' यावर आमचं तिघांचं एकमत झालं. तुकडा 'मिटा'मधून काढून 'थांबा'मध्ये घातला. या वेळी मी गेटपासून दहा पावलं लांब, जास्वंदीच्या कुंडीमागे उभा राहिलो. बायको गाडीत बसली, बटण दाबलं. गेट उघडलं. ती आत आली. पुन्हा दाबलं, गेट मिटलं. कुणाचा हात नाही, कुणाचा खांदा नाही. ती गाडीतून उतरून माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "जमलं हो तुम्हाला." मला एकदम भरून आलं. उगाच चष्मा पुसला.

त्याच उत्साहात मी तिचा खांद्याचा पट्टा धुऊन, वाळवून, घडी करून पिशवीत घातला, पिशवीवर चिठ्ठी लावली, 'खांद्याचा पट्टा – बंद', आणि कपाटावर टाकली.

सोमवारी नऊला ती गेली, चारला आली. गेट दोन्ही वेळा शहाण्यासारखं वागलं, असं तिनं फोन करून सांगितलं. ऑफिसात मी दिवसभर तेच सांगत होतो. सात वाजता घरी आलो, तर समोर गेट मिटलेलं.

रिमोट दोन. एक बायकोच्या गाडीत, एक आईच्या मांडीवर. घंटी दाबली. घंटीचा वीतभर तुकडा डब्यात 'थांबा' करत बसला होता. हाका मारल्या, आत टीव्ही चालू. फोन करता आला असता. पण स्वतः बसवलेल्या गेटबाहेरून 'उघडा हो' असा फोन करायचा? मी? शक्यच नाही. म्हटलं, जरासा रेटा दिला तर आपण निसटण्यापुरती फट पडेल. चार पावलं मागे गेलो आणि दिला खांदा.

गेट तसूभर हललं नाही. हलला तो खांदा.

डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितलेत. आईनं "तेल घातलं होतंस का?" असं विचारलं. बायकोनं कपाटावरून पिशवी काढली, माझी चिठ्ठी वाचली, पेन घेऊन 'बंद' खोडलं, त्यावर सुवाच्य अक्षरात 'चालू' लिहिलं आणि पट्टा माझ्या गळ्यात घातला.